फडतऱ्यांची गोळी

मी फडतऱ्यांकडे पेन मागितलं आणि त्यांनी मला बंदुकीची गोळी दिली.

ही आमची पहिली भेट. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. टेक्सासमध्ये, प्लेनोतल्या टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत मी नुकताच चिकटलो होतो. कॅफेटेरियाबाहेर कसल्याशा फॉर्मवर सही करायची होती आणि शेजारी एक मराठी चेहरा उभा होता. अमेरिकेत मराठी चेहरा लांबून ओळखू येतो; तो आपल्याला बघतो आणि लगेच दुसरीकडे बघतो. ह्या चेहऱ्याच्या शर्टाच्या खिशात प्लॅस्टिकचं पाकीट होतं, त्यात चार पेनं, एक स्टीलची छोटी पट्टी आणि टायरमधली हवा मोजायची कांडी. मी हात पुढे केला. त्यांनी न बघता खिशातून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मी ते कागदावर टेकवलं. उमटेना.

"ते पेन नाही," ते म्हणाले. "एकशे ऐंशी ग्रेन आहे."

मी नीट बघितलं. तांब्याची, टोकदार, करंगळीच्या पेराहून जराशी मोठी. नुसती गोळीच, मागे दारूबिरू काही नाही. ग्रेन हे म्हणे तिच्या वजनाचं माप. मी सॉरी म्हटलं.

"सॉरी काय? हातात खेळवा. वजन बघा. काय वाटतं, एल्कला पुरेल?"

एल्क म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, ह्यांच्या डिपार्टमेंटमधला कुणी माणूस असावा. म्हणून मी सावधपणे विचारलं, "त्यांनी काय केलंय?"

फडतऱ्यांनी माझ्याकडे जी नजर टाकली ती पुढे मी पुष्कळ लोकांवर पडताना पाहिली. क्वालिटी कंट्रोलमध्ये होते ते. दुसऱ्यांच्या मालात खोट काढायचा त्यांना पगार मिळे, आणि कामाची आवड अशी की ते काम घरी, देवळात, हायवेवर, कुठंही फुकट करत.

एल्क म्हणजे एक हरीण. पण हरीण म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं ते नव्हे. आपलं सांबर घ्या, त्याला सहा महिने तूप-रोटी घाला, म्हशीएवढं होऊ द्या, डोक्यावर वाळलेल्या बाभळीच्या दोन फांद्या रोवा, झाला एल्क. टेक्सासमधले हौशी लोक दर ऑक्टोबरात गाड्या भरभरून कोलोरॅडोच्या डोंगरात जातात आणि ह्याची शिकार करतात. फडतरे मात्र जात नसत. ते तयारी करत. मला भेटले तेव्हा त्यांच्या तयारीला दोन वर्षं झाली होती आणि गोळी अजून ठरायची होती.

ह्या माणसाचा शिकारीचा पूर्वानुभव म्हणाल तर साताऱ्याला लहानपणी बेचकीनं चिंचा पाडलेल्या. बंदूक घरी कधी नव्हती. वडील शाळामास्तर. मग हे वेड आलं कुठून? तर वादातून. कंपनीत एकदा सगळ्यांनी घरून डबे आणून एकत्र जेवायची टूम निघाली. त्यात एका सहकाऱ्यानं एल्कचं कालवण आणलं. दुसऱ्यानं विचारलं, कुठल्या गोळीनं मारलास? त्यानं सांगितलं. दुसरा म्हणाला, ती हलकी पडते. पहिला म्हणाला, मेलंय ना, तू खातोयस ना. ह्यावर दोघं अर्धा तास भांडले आणि कुणाजवळच एक आकडा नव्हता. फडतऱ्यांना हे सहन झालं नाही. ते घरी गेले, रात्रीचं जेवण बाजूला सारून कागद-पेन्सिल घेऊन बसले, आणि तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. म्हणजे बघा, माणसं जनावराच्या मोहानं शिकारीत शिरतात. हे शिरले दुसऱ्यांच्या भांडणात निकाल द्यायला.

"साधी गोष्ट आहे," ते सांगत. कुठल्याही साध्या गोष्टीला त्यांना पाऊण तास लागे. "हलकी गोळी सरळ जाते, पण हाडावर आपटली की तिचे तुकडे. जड गोळी आत शिरते, पण लांबवर खाली पडते. कडक असेल तर आरपार जाईल, जनावराला पत्ताही नाही. मऊ असेल तर कातड्याखालीच पसरेल. म्हणून गोळी फुलली पाहिजे, पण फुटली नाही पाहिजे. कळलं? फिजिक्स कुणाच्या बापाचं नाही!"

फिजिक्स कुणाच्या बापाचं नाही, हे त्यांचं घोषवाक्य. चहा सांडला, गाडी घसरली, कुणाच्या मुलाला गणितात कमी मार्क पडले, की हेच. एकदा एका बाईंनी त्यांना उकडीचे मोदक फुटल्याचं रडगाणं सांगितलं तर तिथंही त्यांनी हेच ऐकवलं. वर, "पारी फुलली पाहिजे, फुटली नाही पाहिजे," अशी पुरवणी. त्या बाईंनी पुढच्या वर्षी त्यांना गणपतीला बोलावलं नाही.

बाकीचे मात्र बोलावत. न बोलावून सांगता कुणाला? प्लेनोत तेव्हा मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे माणूस आवडो न आवडो, शनिवारी त्याच्याकडे जेवायला जावंच लागे. पुण्यात ज्याला जिन्यात बघून दार लावून घेतलं असतं, त्याला इथं आपण "या या, किती दिवसांनी!" म्हणत होतो. पुरुषमंडळी व्हीसीआर कुणाचा भारी ह्यावर बोलत, बायका भारतातून आणलेल्या पिठावर बोलत, पोरं तळघर नसलेल्या घरात तळघर शोधत इंग्रजीत किंचाळत. आणि कोपऱ्यात एखाद्या नवख्याला सोफ्याच्या कडेला दाबून धरून फडतरे त्याच्या तळहातावर एकेक गोळी ठेवत असत.

त्यांची बायको सुनंदा. सुनंदावहिनी हळू आवाजात बोलत आणि त्यामुळे नीट ऐकू येत. "आमच्याकडे दोन प्रकारचं ग्रेन येतं," त्या म्हणत, "एक गव्हाचं. ते संपतं."

त्यांच्या घरी पहिल्यांदा सत्यनारायणाला गेलो तेव्हा मी हात-पाय धुवायला बाथरूममध्ये शिरलो आणि तसाच बाहेर आलो. टब काठोकाठ भरलेला, आणि त्यात टेलिफोन डिरेक्टऱ्या भिजत पडलेल्या. दहा-बारा. फुगून गलेलठ्ठ झालेल्या.

"वहिनी, टबात..."

"पुढचं न्हाणीघर वापरा," त्या म्हणाल्या. "तिथं फक्त मागच्या वर्षीच्या आहेत."

भानगड अशी की ओला कागद गोळीला साधारण मांसासारखा अडवतो. फडतरे साऱ्या मराठी घरांतून जुन्या डिरेक्टऱ्या गोळा करत, रात्रभर भिजवत, शनिवारी सकाळी गावाबाहेरच्या चांदमारीवर नेऊन ओळीनं रचत आणि त्यांवर गोळी झाडत. मग घरी येऊन ओल्या पानांचं शवविच्छेदन. कुठली गोळी किती आत शिरली ह्याचं माप ते इंचांत ठेवत, पण बोलताना पिवळ्या पानांवर ए-बी-सी-डीच्या क्रमानं छापलेल्या धंद्यांत सांगत. "ही बघा, 'डेंटिस्ट'पर्यंतच गेली. अगदीच भिकार. ही मात्र 'प्लंबर' ओलांडून 'रूफिंग'ला टेकली!" बाहेर काढलेल्या गोळ्या त्यांनी कशात ठेवाव्यात? मिसळणाच्या डब्यात. सात वाट्यांचा स्टीलचा डबा, लग्नात आलेला. मोहरीच्या वाटीत फुललेल्या, हळदीच्या वाटीत फुटलेल्या, जिऱ्याच्या वाटीत 'विचाराधीन'. त्या काळात वहिनींची फोडणी प्लॅस्टिकच्या दह्याच्या डब्यांतून होत असे.

संध्याकाळी सोफ्यावर बसून ते रिकामी बंदूक खांद्याला लावत, नळीवर एक सेंटचं नाणं ठेवत आणि टीव्हीवरच्या हवामानवाल्यावर नेम धरून चाप ओढत. नाणं पडता कामा नये. पडलं की परत. "रोज साडेसहाला मरतो बिचारा," वहिनी म्हणत, "तरी दुसऱ्या दिवशी येऊन पाऊस सांगतो."

बंदुकीवरच्या दुर्बिणीला ते स्कोप म्हणत, आणि तो स्कोप त्यांनी इतक्या वेळा काढून परत बसवला की स्क्रूंचे आटे झिजले. डोळा आणि भिंग ह्यांत अंतर किती, नेम कुठल्या अंतराला जुळवायचा, थंडीत दारू हळू पेटते त्याचं काय. डोंगर चढायचा म्हणून बंदुकीचं वजन कमी करायचं त्यांनी मनावर घेतलं. लाकडी दस्ता काढून दुसरा बसवला, पट्टा बदलला, आतून काही खरवडलं, आणि दोन महिन्यांच्या खटपटीनंतर सहा औंस वाचवले. स्वतः फडतरे तेव्हा दोनशे दहा पौंडांचे. सहा औंस त्यांचं एका पंगतीचं श्रीखंड होतं.

गावाबाहेर डेल नावाच्या माणसाचं बंदुकांचं दुकान होतं. साठीचा, वाळक्या चिंचेसारखा, बोलायला महाग. फडतरे दर शुक्रवारी तिथं जात. एकदा मीही गेलो. फडतऱ्यांनी चाळीस मिनिटं दोन गोळ्यांची तुलना केली. डेल ऐकत होता, म्हणजे एक गिऱ्हाईक करत होता, दुसरं करत होता, आणि मधून "हं" म्हणत होता. शेवटी फडतरे म्हणाले, "तर मग तुमच्या मते कुठली?"

"जागेवर लागली की कुठलीही चालते," डेल म्हणाला.

गाडीत बसल्यावर फडतऱ्यांनी दार आपटलं. "अडाणी! तीस वर्षं शिकार करतोय आणि एक तक्ता नाही ह्याच्याकडे. बापाची जुनी बंदूक वापरतो, सेलमध्ये मिळेल ती गोळी घालतो. लाज नाही वाटत."

"दर वर्षी एल्क मारतो ना पण?"

"तो भाग वेगळा," फडतरे म्हणाले.

कोलोरॅडोत जाणाऱ्या नवशिक्यांसाठी शिकारीच्या सुरक्षेचा वर्ग असतो. फडतऱ्यांना वयामुळे त्याची गरज नव्हती. तरी ते गेले. बारा-बारा वर्षांच्या पोरांच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसले आणि शिकवणाऱ्याच्या दोन चुका काढल्या. परीक्षेत त्यांचा पहिला नंबर आला, हे त्यांनी आम्हाला पेढे देऊन सांगितलं. पेढा घेताना मी, माझी बायको, सगळेच इतके हसलो की त्यांनाही ते आनंदाचं हसू वाटलं. त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना 'काडतूसकाका' म्हणत होतो. तोंडावर मात्र, "मग यंदा नक्की?"

तयारीच्या चौथ्या वर्षी खरंच नक्की झालं. त्याला कारण डेल. तो एके शुक्रवारी आपणहून म्हणाला, माझ्या तंबूत दोन खाटा रिकाम्या आहेत, येणार असाल तर या. मला वाटतं, ह्या माणसाला एकदाचा एल्क दाखवला तर शुक्रवार मोकळे होतील असा त्याचा हिशेब असावा. दुसरी खाट माझ्या गळ्यात पडली, कारण "माझ्याबरोबर एक साक्षीदार हवा," असं फडतऱ्यांनी जाहीर केलं आणि "जा ना, तुला गोष्टी सांगायला होतील," असं माझ्या बायकोनं.

डेल ट्रक घेऊन पुढे गेला होता. आम्ही फडतऱ्यांच्या स्टेशन वॅगनमधून निघालो. अमरिलोपर्यंत वारा झाला, म्हणजे गोळीवर होणारा वाऱ्याचा परिणाम. न्यू मेक्सिको लागल्यावर उंची. कोलोरॅडोची हद्द ओलांडली तेव्हा पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम चालू होता आणि मी खिडकीला डोकं टेकून तिला थांबायची विनंती करत होतो.

कायद्यानं शिकाऱ्यांना भडक नारिंगी टोपी आणि बंडी घालावी लागते, बरोबरच्या माणसानंही घातलेली बरी. आरशात बघितलं तर आम्ही दोघं कुंभमेळ्यात वाट चुकलेले दिसत होतो. डोंगर दहा हजार फूट उंच. पहिल्या दिवशी फडतरे पन्नास पावलं चालून थांबत आणि थांबल्याचं कारण म्हणून वाऱ्याचा वेग मोजत. संध्याकाळपर्यंत आम्हाला एक खार दिसली. डेलनं आम्हाला सूप दिलं आणि तो झोपला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता डेलनं आम्हाला एका कड्यावर आणून बसवलं. खाली गवताचं मैदान, पलीकडे पिवळ्या पानांची झाडी. "इथून हलू नका," तो म्हणाला. "येतील." आणि तो स्वतः पलीकडच्या खोऱ्यात उतरला.

आठच्या सुमाराला समोरच्या डोंगरावरून बार ऐकू आले. एक, आणि लागोपाठ दोन.

"तीन बार म्हणजे एकही नीट नाही," फडतरे पुटपुटले.

तासाभरानं झाडीच्या कडेनं एक एल्क आला. लहानसा नर, एक शिंग मधेच मोडलेलं. चार पावलं टाकी, थांबे, मान खाली घाली, परत चार पावलं. पोट आत ओढून धरल्यासारखं चालणं. फडतऱ्यांनी स्कोपला डोळा लावला आणि खूप वेळ काढला नाही.

"पोटात लागलीय," ते म्हणाले.

"मग मारा ना!"

"मधे झाडं आहेत. लागेलच असं नाही. आणखी एक भोक पाडून काय करू?"

तो झाडीत दिसेनासा झाला. मी हातावर फुंकर घालत होतो, एवढ्यात फडतऱ्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. मैदानाच्या मधोमध दुसरा एल्क उभा होता. कुठून आला, कळलंच नाही. प्रचंड. शिंगं पाठीपर्यंत गेलेली, मानेवरचे काळे केस ओले, नाकातून वाफ. दोनशे यार्डांवर, पूर्ण आडवा, स्तब्ध. चार वर्षांच्या कागदांवर फडतऱ्यांनी एल्क जसा काढला होता, तसाच आणि तिथंच.

त्यांनी बंदूक उचलली. मी श्वास धरला. नाणं ठेवलं असतं तर पडलं नसतं, इतकी नळी स्थिर. मी मनात आकडे मोजायला लागलो. पाच. दहा. पंधरा.

"फडतरे," मी कुजबुजलो, "मारा!"

त्यांनी बंदूक खाली घेतली, सुरक्षेचा खटका लावला आणि ते उठून उभे राहिले. मोठ्या एल्कनं मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि एका ढांगेत तो झाडीत गेला.

"चला," फडतरे म्हणाले.

"कुठं?"

"ते मघाचं जखमी आहे."

माणशी परवाना एकच, जनावर एकच. "अहो, ज्यानं मारलंय तो येईल की मागनं!"

"यायचा असता तर आला असता एव्हाना."

पुढचे चार तास मी जन्मात विसरणार नाही, आणि त्यात माझ्या मोठेपणाचं काही नाही. मी सारखा कुरकुरत होतो. पाय घसरत होता, भूक लागली होती, आणि ज्या माणसाला पन्नास पावलं चालवत नव्हतं तो दोनशे दहा पौंडांचा देह ओणवा करून पालापाचोळ्यात नाक घालून पुढे पुढे चालला होता. पिवळ्या पानावर मोहरीएवढा लाल ठिपका. मग वीस पावलं काही नाही. मग दगडावर एक पुसट रेघ. ते प्रत्येक ठिपक्यापाशी रुमालाची चिंधी बांधत, मागे वळून रांग बघत आणि दिशा धरत. रुमाल संपला तेव्हा बनियनची पट्टी फाडली. दुसऱ्याला दिसणार नाही असं बारीक शोधायची त्या माणसाला उभ्या आयुष्याची सवय होती आणि आम्ही सगळे आजवर तिला हसत होतो. वाटेत मी दोनदा म्हणालो, परत जाऊ या. दुसऱ्यांदा त्यांनी नुसतं वळून बघितलं.

एका कोरड्या ओढ्यात, पडलेल्या झाडांच्या आडोशाला ते जनावर बसलं होतं. जिवंत. मान वर, कान आमच्याकडे. उठायचा प्रयत्न केला, पुढचे पाय टेकले, मागचे उठेनात. परत बसलं आणि आमच्याकडे बघत राहिलं.

फडतरे बाजूनं, हळूहळू, त्याला आपण दिसत राहू अशा बेतानं जवळ गेले. सहा पावलांवर थांबले. वारा नाही, उंची नाही, अंतर नाही. तिथून कुठलीही गोळी चालली असती; डेलच्या सेलमधलीसुद्धा. त्यांनी स्कोपमधून बघितलंही नाही. खांद्याच्या मागे, जागेवर, एकच बार काढला.

मग त्यांनी बंदूक झाडाला टेकवली, गुडघ्यांवर बसले, नारिंगी टोपी काढली आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. "झालं हं," ते म्हणाले. "झालं. झालं." इंजेक्शन टोचून झाल्यावर लहान मुलाला म्हणतात तसं.

बार ऐकून एक शिकारी वरून उतरत आला. तरणाबांड, नवी कोरी बंदूक, तिच्यावर माझ्या हाताएवढा स्कोप. त्यानं जनावराकडे बघितलं, मोडक्या शिंगाकडे बघितलं. "हा सकाळी मीच उडवला होता," तो म्हणाला. "मला वाटलं नेम चुकला."

आता फडतरे ह्याला उभा चिरणार, मी मनात म्हटलं. गोळी कुठली, वजन किती, अंतर किती. हा बिचारा अंधार पडेपर्यंत सुटत नाही. मला थोडी मजाही वाटत होती.

"किती वाजता?" फडतऱ्यांनी विचारलं.

"आठ असतील."

फडतऱ्यांनी घड्याळ बघितलं. "आता एक वाजून दहा मिनिटं झाली," ते म्हणाले. "इतका वेळ तो तुमची वाट बघत होता."

तो तरुण बुटांकडे बघत "तुम्हीच ठेवा," असं काहीतरी पुटपुटून चढ चढून गेला. फडतऱ्यांनी परवान्याची चिठ्ठी काढून जनावराला बांधली. गाठ बसेना. शेवटी ती मी बांधली.

डेल घोडा घेऊन आला तेव्हा दुपार कलली होती. त्यानं आमच्या चिंध्यांची रांग मागून पुढपर्यंत चालून बघितली होती. "किती बार?" त्यानं विचारलं. एक. "किती लांबून?" सहा पावलं. मी हसायच्या तयारीत होतो, पण तो हसला नाही. त्यानं बाह्या वर केल्या, सुरी काढली आणि जनावराला हात लावण्याआधी फडतऱ्यांना विचारलं, "तू दमला असशील. मी कापायला सुरू करू?"

परतीच्या वाटेवर मागे बर्फाच्या पेट्यांत मांस होतं आणि पुढे आम्ही दोघं. फडतरे गाडी चालवत होते. डोंगर मागे पडले, न्यू मेक्सिकोचं उजाड माळरान लागलं आणि दीडशे मैलांत ते गोळीबद्दल एक शब्द बोलले नव्हते. मी रेडिओ लावला. त्यांनी तो बंद केला.

"आमचे तात्या अकरा महिने पडून होते," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते रस्त्याकडे बघत होते.

"अर्धं अंग गेलेलं. पाठीला जखमा. भाऊ दर पंधरा दिवसांनी पत्र टाकायचा. डॉक्टर म्हणतात हृदय मजबूत आहे. दर पत्रात तेच, हृदय मजबूत आहे. मला त्या पत्रांची भीती वाटायला लागली, तळेकर. बापाचं हृदय मजबूत आहे ह्याची भीती."

"तुम्ही गेला होता ना?"

"दहा दिवस. रजाच तेवढी होती. निघायच्या दिवशी बॅग घेऊन त्यांच्या खाटेपाशी उभा राहिलो. त्यांनी चांगला हात उचलून माझं मनगट पकडलं. बोलता येत नव्हतं त्यांना. नुसते बघत होते. पाणी हवं होतं, का मी राहायला हवं होतं, का हे सगळं संपायला हवं होतं... काय हवं होतं? मी म्हटलं, तात्या, टॅक्सी आलीय."

थोड्या वेळानं त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. उतरले आणि तारेच्या कुंपणापाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. पलीकडे कुणाच्या तरी गाई चरत होत्या. ट्रक जात, गाडी हले. दोन वर्षं ज्या माणसाच्या नकला करून मी शनिवारच्या पंगती हसवल्या, त्याच्याजवळ जाऊन काय बोलतात ते मला माहीत नव्हतं.

शेवटी डेलनं पहाटे भरून दिलेला थर्मास मी उचलला आणि उतरलो. त्यांच्या शेजारी उभा राहून झाकणात कॉफी ओतली. त्यांनी एक घोट घेतला.

"गार झालीय," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी झाकण माझ्या हातात दिलं. मी एक घोट घेतला आणि परत त्यांना दिलं. गाई दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो, आणि ती गार कॉफी आम्ही दोघांनी संपवली.